पुढचं टोक

काचेच्या दुकानात धावायचं नसतं. हे खरं तर सांगावं लागू नये. तरी अण्णांच्या वडिलांनी तशी पाटी करून लावली होती, आणि तीही काचेवरच रंगवून. मूल पहिलं पाऊल टाकतं तेव्हा इतर घरांत टाळ्या वाजतात. या घरात सगळे श्वास रोखून धरत. अशा वळणातून तीन पिढ्यांत एक चाल तयार झाली होती. टाच आपटायची नाही, गुडघे किंचित सैल, नजर लांबवर, आणि दोन्ही कोपरं अंगापासून जरा सुटी, जणू मधे काहीतरी धरलंय. अण्णा स्वतःच्या लग्नातही याच चालीने आले होते. नवरदेवाला पाठीचा काहीतरी त्रास असावा, अशी सासरच्यांची बरेच दिवस समजूत होती.

अशा घरातली एकुलती एक लेक, ताई, सकाळी उठून नदीकाठी धावायला जाऊ लागली. बरं, नुसतं धावून तिचं भागेना. सुट्टीच्या दिवशी ती आणि तिची मंडळी जाळ्यांखालून सरपटत, दोरांना लोंबकळत, उंच फळ्यांच्या भिंती चढून पलीकडे उड्या मारत आणि चिखलाने माखून, अत्यंत समाधानाने घरी येत.

"भिंत दिसली की माणूस वळसा घालतो," अण्णा म्हणायचे. "ही माणसं वळसा घालायला चांगली ऐसपैस जागा असताना वरून जातात. आणि पलीकडे गेल्यावर एकमेकांचं अभिनंदन करतात."

पण खरा वाद धावण्याचा नव्हता. तो होता पुढच्या टोकाचा.

मोठी काच चौघांनी न्यायची असते, आणि त्यातलं पुढचं टोक धरणारा म्हणजे बाकीच्यांचे डोळे. मागच्यांना आपापला चेहरा तेवढा काचेत दिसतो. पुढचा म्हणतो "डावा", की सगळे डावे. "पायरी" म्हणाला की पायरी. वडिलांनी सोडल्यापासून पुढचं टोक अण्णांचं होतं आणि वडिलांचा चामडी पट्टाही अण्णांच्याच खांद्यावर होता. मधे ताई आणि हाताशी असेल तो चौथा. मागचं टोक अण्णांच्या बायकोचं, म्हणजे ताईच्या आईचं. "लग्नानंतर मी यांना समोरून फार कमी वेळा पाहिलंय," असं ती पाहुण्यांना सांगायची.

गेल्या महिन्यात एका दवाखान्याचा जिना चढताना अण्णा एकदम "थांबा" म्हणाले. तिथे पायरी नव्हती, वळणही नव्हतं. काचेपलीकडून फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता. मागच्या टोकाला आईने आणि मधल्या पट्ट्यात ताईने एकाच वेळी मुठी घट्ट केल्या.

आणि आता त्यांच्याच रस्त्याच्या कोपऱ्यावर फर्निचरचं नवं दुकान होत होतं. त्याची दर्शनी काच यांनी बसवायची होती. इतकी मोठी काच त्यांच्या दुकानात कधीच आली नव्हती.

"या वेळी पुढचं टोक मी धरते," जेवताना ताई म्हणाली.

अण्णांनी ताटातून मान वर केली नाही. "आणि मी?"

"तुम्ही गल्ल्यावर बसा."

"गल्ल्यावर तुझे आजोबा बसले आणि वर्षभरात गेले."

"अहो, ते नव्वदीचे होते," आई म्हणाली.

"बसल्यामुळे झाले नव्वदीचे. उभे होते तोवर साठीचे वाटत."

"अण्णा, तुमचा दम पुरत नाही."

"मी दमत नाही. तू दमवतेस."

ताईने पाण्याचा पेला खाली ठेवला. अर्थात आवाज न करता. "ठीक आहे. पुढच्या महिन्यात मैदानावर आमची अडथळ्यांची शर्यत आहे. चौघांची टीम लागते. शेवटचा माणूस पोचला की टीम पोचली. बाराचा भोंगा व्हायच्या आत आपण चौघं पोचलो, तर पुढचं टोक तुमचं. मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही पोचलो, तर पट्टा माझ्याकडे द्यायचा."

"आपण चौघं म्हणजे कोण?"

"तुम्ही, मी, आई."

"मला कशाला ओढता तुमच्यात?" आई म्हणाली.

"मागचं टोक तुझंच असतं ना?"

आईने थोडा विचार केला. "बूट आण मग. हिरवे नकोत."

"आणि चौथा?" अण्णांनी विचारलं, आणि उत्तर कळल्याबरोबर त्यांचा घास घशात अडकला. कारण तिघांचीही नजर टेबलाच्या चौथ्या बाजूला गेली होती, जिथे जावई वाटाणे एकेक करून खात होते.

जावई दातांचे डॉक्टर. स्वभावाने गरीब, उंचीने भरपूर आणि इतके बारीक, की बाजूने पाहिलं तर दारात कुणी उभं नाहीच असं वाटावं. अण्णा त्यांच्यामागे त्यांना 'चार एमएम' म्हणत. खिडकीला लावायच्या पातळ काचेची ती जाडी. जावई दुकानात आले की अण्णा लगबगीने म्हणत, "जावईबापू, तुम्ही आपले तिथेच उभे राहा हं." आपल्याला कशाला हात लावू देत नाहीत, हा जावयाचा मान आहे, असं ते बिचारे कित्येक वर्षं समजत होते.

"मी?" जावई म्हणाले. "मला घाम आला की पेशंट घाबरतात."

"म्हणजे माझं पुढचं टोक," अण्णा हळूच आईला म्हणाले, "चार एमएमवर."

"लग्न लावून दिलं तेव्हा पारखून घ्यायचं होतं," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा नवे बूट घालून रस्त्यावर आले. इकडेतिकडे पाहिलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा, सर्वांसमक्ष, धावू लागले.

त्यांना आता रस्त्याची बाजू कोण समजावणार? या रस्त्याने अण्णांना पुरात पाहिलं होतं, आगीत पाहिलं होतं, मुलगी झाल्याच्या दिवशी पाहिलं होतं. तिन्ही वेळा अण्णा चालत होते. त्यामुळे अण्णा धावताहेत म्हटल्यावर न्हावी वस्तरा हातात घेऊनच बाहेर आला. त्याच्या मागोमाग अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक आलं.

"अण्णा, काय फुटलं?"

"काही नाही," म्हणत अण्णा पुढे गेले. याचा अर्थ सांगण्याच्या पलीकडचं काहीतरी फुटलंय, असा न्हाव्याने घेतला आणि तोही मागे धावला. शिंप्याने शटर अर्धं ओढलं आणि गळ्यात टेप तशीच ठेवून तो निघाला. चष्मेवाल्याने आधी स्वतःच्या शोकेसकडे पाहिलं. ती शाबूत दिसल्यावर तोही निर्धास्तपणे सामील झाला. पूल येईपर्यंत अण्णांच्या मागे निम्मा रस्ता धावत होता आणि प्रत्येक जण शेजारच्याला विचारत होता, काय झालंय. मागे वळून पाहिल्यावर अण्णांना वाटलं, रस्त्यावर काहीतरी भयंकर घडलंय आणि लोक पळताहेत. ते आणखी जोरात पळाले.

"पहिल्या दिवसाच्या मानाने वेग छान आहे," पुलावर उभी असलेली ताई म्हणाली.

ताईच्या मंडळींना शिकवायला एक निवृत्त शिक्षक यायचे. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून शिट्टीमास्तर. त्यांनी अण्णांना नदीकाठी एक फेरी मारायला लावली आणि बराच वेळ नुसतं पाहत राहिले.

"अण्णा, पायाचा आवाज का येत नाही?"

"का यावा?"

"आणि हात असे लांब का धरता? माणूस धावताना हात हलवतो. तुम्ही कपाट चोरून निघाल्यासारखे दिसता."

अण्णांनी हात हलवून पाहिले. पाय थांबले. पाय चालू केले, हात थांबले. मास्तरांनी शिट्टी तोंडातून काढली आणि खिशात ठेवून दिली.

पण दम वाढत गेला. दुसऱ्या आठवड्यात अण्णा पुलापर्यंत न थांबता जाऊ लागले. अरुंद तुळईवरून ते हमरस्त्यावरून चालावं तसे गेले. खाली उतरून पुन्हा गेले, कारण मंडळी टाळ्या वाजवत होती. आई जाळीखालून अशी सरपटली की मास्तरांनी विचारलं, पूर्वी कुठे शिकलात? "कपाटाखाली लाटणं जातं ना, त्याच्यामागे," आई म्हणाली. जावईसुद्धा रोज येत. धावताना त्यांचे गुडघे एकमेकांशी सल्लामसलत करत आहेत असं वाटायचं, पण ते थांबत नसत. सगळ्यांच्या मागून येत आणि आल्यावर सर्वांना विचारत, "दुखतंय का कुठे?" ही त्यांची धंद्याची सवय.

शर्यतीच्या दिवशी सगळा रस्ता मैदानावर हजर होता. न्हाव्याने दुकान बंद ठेवलं होतं. अण्णा धावत असताना दाढी करणं धोक्याचं आहे, असं त्याचं म्हणणं. शिट्टी वाजली आणि टीमा सुटल्या. टायरांच्या रांगेतून उड्या, जाळीखालून सरपटणं, तुळई, दोर. अण्णांच्या छातीचा भाता चालला होता, पण चालला होता. त्यांचे कान लाल झाले होते आणि डोळे असे चमकत होते की आई धावता धावता दोनदा वळून पाहत राहिली. यांना समोरून पाहायची संधी ती सोडणार नव्हती.

"आपण सहावे आहोत," ताई ओरडली.

"पुढचे पाच कुठे आहेत?" अण्णा म्हणाले. त्यांना आता शर्यत चढली होती.

पुढे प्लायवूडचा एक प्रचंड तक्ता होता. तो चौघांनी उचलायचा, नागमोडी रोवलेल्या खांबांमधून न्यायचा आणि पलीकडे आखलेल्या चौकोनात ठेवायचा. पुढच्या पाच टीमा तिथेच अडकल्या होत्या. कुणाचा तक्ता खांबाला धडकत होता, कुणी दोघं डावीकडे ओढत होते आणि दोघं उजवीकडे. चौघं एकाच वेळी हुकूम सोडत होते.

अण्णांनी पुढचं टोक धरलं. आईने मागचं. मधे ताई आणि जावई. "उचला," अण्णा म्हणाले, आणि त्यांचा आवाजच बदलला. "डावा. डावा. सरळ. उजवा, थोडा. आई, टोक आत घे." दुकानात ते बायकोलाही आईच म्हणत. सुईतून दोरा जावा तसा तो तक्ता खांबांमधून गेला. एकाही खांबाला स्पर्श नाही. रस्त्याच्या मंडळींनी असा गलका केला, की शेजारच्या झाडावरचे पक्षी उठले. पाचही टीमा मागे पडल्या.

चौकोनाशी येऊन चौघं उभे राहिले.

आणि उभेच राहिले.

"ठेवा," तिथल्या पंच बाई म्हणाल्या. त्यांच्या डोक्यावर नारिंगी टोपी होती.

"कुठे?" अण्णा म्हणाले.

"इथेच, चौकोनात. आडवा."

"आडवा?"

काच जमिनीवर आडवी ठेवत नाहीत. खाली हरभऱ्याएवढा खडा असला तरी संपलं. काच नेहमी उभी, कडेवर, किंचित तिरकी टेकवून ठेवायची. हे अण्णांना इतक्या लहानपणी शिकवलं होतं, की आडवं ठेवायचं कसं हे त्यांच्या हातांना ठाऊकच नव्हतं.

"टेकवायला भिंत मिळेल का?" त्यांनी नम्रपणे विचारलं.

"भिंत पुढे आहे. ती चढायची आहे."

"खाली घालायला गोणपाट तरी?" आई म्हणाली.

"अहो, ते प्लायवूड आहे," बाई म्हणाल्या. मागून एक टीम आली, आपला तक्ता धाडकन टाकला आणि पळाली. त्या आवाजाने अण्णा, आई आणि ताई, तिघांनीही डोळे मिटले. दुसरी टीम गेली. तिसरी गेली.

"अण्णा, ठेवा ना," ताई म्हणाली.

"तू ठेव आधी."

ताईने बोटं सैल करायचा प्रयत्न केला. रोज भिंतींवरून उड्या मारणारी ताई, पण बोटं काही सुटेनात. बाप आणि लेक एकमेकांकडे पाहत राहिले. दोघांच्या हाताच्या शिरा सारख्याच फुगल्या होत्या.

"हे प्लायवूड आहे," जावई शांतपणे म्हणाले.

"माहीत आहे, जावईबापू. तुम्ही आपले तिथेच..."

जावयांनी हात सोडले.

एक कोपरा घसरला, त्याच्या ओढीने बाकीचे तीन सुटले आणि तो अवाढव्य तक्ता धप्पकन जमिनीवर आपटला. धूळ उडाली. तिघं खांदे आवळून, डोळे मिटून उभे. प्रेक्षकांत न्हाव्याने शिंप्याचा दंड पकडला होता.

अण्णांनी एक डोळा उघडला. तक्ता जसाच्या तसा होता. त्यांनी वाकून कोपरा पाहिला, मग दुसरा पाहिला. टवकासुद्धा नव्हता. मग ते हसायला लागले. आधी नाकातून, मग पोटातून.

"पडलं," ते म्हणाले, "आणि फुटलं नाही."

"आता पळायचं का?" जावयांनी विचारलं.

अण्णा पळाले. आणि या वेळी आवाज करत. टाचा दाणदाण आपटत, हात वाटेल तसे फिरवत, सबंध आयुष्यात आपटायच्या राहिलेल्या टाचा एकदमच आपटून घ्याव्यात तसे. भिंत आली. त्यांनी सवयीने तिला नजरेने ओळंबा लावला, "तिरकी आहे," म्हणाले आणि ताईच्या हातावर पाय देऊन वर गेले. वर गेल्यावर आईला ओढून घेतलं. "अहो, जपून." "काही होत नाही गं, पडलं तरी फुटत नाही." पलीकडे धपकन उडी. एक टीम मागे टाकली. दुसरी मागे टाकली. पुढे चिखलाचा खड्डा आणि त्यापलीकडे, अगदी समोर, शेवटची कमान.

अण्णा चिखलातून पार झाले. आई झाली. ताई झाली. वळून पाहिलं, तर जावई खड्ड्याच्या काठाशी बसले होते. एक बूट चिखलात राहिला होता आणि त्या बाजूचा घोटा भलत्याच दिशेला पाहत होता.

"मुरगळलाय," तिघं जवळ गेल्यावर ते म्हणाले. स्वतःच दाबून पाहत होते. "दुखतंय. इथे जास्त. तुम्ही पुढे व्हा."

"आम्ही पुढे होऊन काय करू?" आई म्हणाली. "शेवटचा माणूस पोचला पाहिजे."

मैदानाच्या टोकाला भोंग्याशी एक माणूस घड्याळ बघत उभा होता. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, कमानीकडे पाहिलं, मग जावयांकडे. खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं.

"बसू दे त्यांना," ते म्हणाले. "शर्यतीसाठी माणूस ओढायचा नसतो. ताई, घरी गेलो की पट्टा घे तू." एवढं बोलताना त्यांचा आवाज अगदी सरळ होता. फक्त हात पुन्हा अंगापासून जरा लांब गेले होते.

ताईला हवं होतं तेच झालं होतं. तिने वाकून नवऱ्याच्या कमरेखाली हात घातला.

"अण्णा," ती म्हणाली, "पुढचं टोक धरा."

"काय?"

"पुढचं टोक. आई, तू मागचं. अरे, तू ताठ हो. गुडघे वाकवू नकोस. हात अंगालगत."

"मला काय करताय?" जावई म्हणाले.

"कुशीवर घ्या," अण्णा म्हणाले. आवाज पुन्हा बदलला होता. "कडेवर. आडवा नाही धरायचा, मधे वाकेल. जावईबापू, श्वास सोडू नका. उचला."

जावई उचलले गेले. एका कुशीवर, जमिनीला समांतर, ताठ; पुढे खांद्याशी अण्णा, मधे ताई, मागे पायांशी आई. त्यांचा एक कान आभाळाकडे आणि एक मातीकडे होता. आणि तिघं निघाले. धावत नव्हते. तीन पिढ्यांची ती चाल होती. टाच नाही, धक्का नाही, पण अशी सपसप, की बाजूने धावणारी टीम मागे पडली आणि का मागे पडलो हे तिला कळेना.

"डावा. दगड आहे, सांभाळा. सरळ. वाट द्या हो, वाट द्या, माल नाजूक आहे."

लोक बाजूला झाले. मोठी काच येताना पाहिली की कुठलाही माणूस बाजूला होतो, आणि अण्णांच्या आवाजात ती काच होतीच. न्हावी बाजूने पळत लोकांना मागे सारत होता. भोंग्याच्या माणसाने दांडीवर हात ठेवला.

"अण्णा, वेग," ताई म्हणाली.

"काच नेताना बोलायचं नाही," अण्णा म्हणाले. "पायरी नाही. सपाट आहे. उजवा. आत."

जावयांचे पाय कमानीच्या आत गेले, पाठोपाठ आई आत आली आणि मग भोंगा वाजला. तो इतका जोरात वाजला की कुणी कुणाचं काही ऐकलं नाही. पण तिघांनी हातातला माल टाकला नाही. सावकाश उभा केला, कमानीच्या खांबाला किंचित तिरका टेकवला आणि आईने डोक्यावरची टोपी काढून त्याच्या चांगल्या पायाखाली सारली. मगच तिघं एकमेकांच्या गळ्यात पडले.

"मी श्वास सोडू का?" जावई म्हणाले.

"सोडा," अण्णा म्हणाले. मग त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बारा एमएम," ते आईला म्हणाले. "मला पारखता आलं नव्हतं."

फर्निचरच्या दुकानाची काच पुढच्या आठवड्यात आली. पुढचं टोक अण्णांनी धरलं, वडिलांचा पट्टा खांद्यावर टाकून. मधे ताई आणि काच घेऊन आलेला माणूस, मागे आई. जावई दवाखाना बंद करून, काठी टेकत आले. या वेळी अण्णांनी त्यांना लांब उभं केलं नाही. चौकटीपाशी उभं करून हातात काचेच्या कडा बुजवायच्या लुकणाचा गोळा दिला. अख्खा रस्ता फुटपाथवर उभा होता. "डावा. पायरी. अजून एक. सरळ." काचेत आभाळ, समोरची घरं आणि न्हाव्याचं उघडं तोंड हळूहळू सरकत गेलं. दोन पायऱ्यांवर अण्णा थांबले नाहीत. काच चौकटीत बसली. आवाज झाला नाही.

अण्णांनी पट्टा उतरवला, घडी घालून ताईच्या हातात धरायला दिला. हात पुसले. त्या चालीने, अगदी हलक्या पावलाने, कोपऱ्यापर्यंत गेले. आणि कोपरा वळल्याबरोबर टाचा दाणदाण आपटत नदीकडे धावत सुटले.

न्हावी सवयीने त्यांच्यामागे पळाला.

"अण्णा, काय फुटलं?"

"काही नाही फुटलं," अण्णा मागे न पाहता म्हणाले. "म्हणूनच."